गेमिंग कन्सोलचा सुटा डिस्क ड्राइव्ह म्हणजे काय? ‘ड्राइव्ह नंतर घेऊ’ म्हणण्याआधी हे वाचा

समजा, वसमतमधल्या एका घरात दिवाळीला प्लेस्टेशन ५ घ्यायचं ठरलंय. दुकानात दोन प्रकार समोर येतात. एकात डिस्क घालायची फट आहे, दुसऱ्यात नाही. फट नसलेला कन्सोल स्वस्त आहे. दुकानदार म्हणतो, ‘हाच घ्या की, ड्राइव्ह काय, नंतरही बसवता येतो.’ वडिलांना किंमत पटते, मुलाला कन्सोल आजच हवा असतो आणि व्यवहार होऊन जातो.

दुकानदाराचं म्हणणं चुकीचं नाही. ड्राइव्ह खरंच नंतर बसवता येतो. पण ‘नंतर’ या शब्दावर भरवसा ठेवून कन्सोल घेतलेल्या लोकांचं पुढे काय झालं, याचा जवळपास चाळीस वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक ड्राइव्ह असा होता की तो ‘येणार, येणार’ म्हणून चार वर्षं गाजला आणि आल्यावर सव्वा वर्षात बंद पडला. आणि एका ड्राइव्हवरून झालेल्या भांडणातून चक्क प्लेस्टेशनच जन्माला आलं.

थोडक्यात:

- कन्सोलला नंतर जोडायचा डिस्क ड्राइव्ह ही कल्पना १९८६ पासूनची आहे. त्यातले बरेचसे प्रयोग फसले.
- फसण्याचं मुख्य कारण एकच: प्रत्येकाकडे नसलेल्या भागासाठी गेम बनवायला कंपन्या तयार होत नाहीत.
- प्लेस्टेशन ५ चा सुटा ड्राइव्ह या बाबतीत वेगळा आहे, पण त्याच्याही अटी आहेत.
- इंटरनेट संथ किंवा मोजून मिळणारं असेल, तर ड्राइव्हचं महत्त्व मोठ्या शहरापेक्षा हिंगोली, कळमनुरी, सेनगावसारख्या ठिकाणी जास्त.

डिस्क ड्राइव्ह नेमकं काय काम करतो?

कन्सोलमध्ये गेम दोन वाटांनी येतो. एक म्हणजे इंटरनेटवरून डाउनलोड करून, दुसरी म्हणजे डिस्कवरून. डिस्क घातली की त्यातला मजकूर कन्सोलच्या आतल्या साठवणीत कॉपी होतो आणि गेम तिथूनच चालतो. मग प्रत्येक वेळी डिस्क कशाला घालायची? कारण इथे डिस्क किल्लीसारखी वापरली जाते. डिस्क आत आहे, म्हणजे गेम तुमच्याकडे आहे, असं कन्सोल धरून चालतो.

डाउनलोड केलेल्या गेमची किल्ली तुमच्या ऑनलाइन खात्यात असते. ती शेजारच्या मित्राला दोन दिवस वापरायला देता येत नाही आणि खेळून झाल्यावर विकताही येत नाही. डिस्क मात्र पिशवीत घालून कुठेही नेता येते. ड्राइव्ह असणं आणि नसणं यातला खरा फरक इथून सुरू होतो.

ड्राइव्ह नंतर जोडायची कल्पना कुठून आली?

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या गावागावांत ‘टीव्ही गेम’ मिळायचा. पिवळी-काळी कॅसेट वरून खोचायची, ‘९९९९ इन १’ असं लिहिलेलं असायचं आणि आत तेच पाच-दहा गेम फिरून फिरून यायचे. ते बहुतेक कन्सोल जपानी कंपनी निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होते. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये बाजारात आला होता.

आपल्याकडे कॅसेट म्हणायचे त्या कार्ट्रिजमध्ये महागड्या चिप असत आणि त्यात जागा फार कमी मावे. म्हणून २१ फेब्रुवारी १९८६ रोजी निन्टेंडोने फॅमिकॉमला जोडायचा डिस्क ड्राइव्ह विकायला आणला. किंमत १५,००० येन. कन्सोलखाली ठेवायचा लाल-काळा डबा आणि त्यात घालायची छोटी पिवळी डिस्क. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा पुढे जगभर गाजलेला गेम त्याच दिवशी, याच ड्राइव्हसाठी आला. खेळ कुठवर आला होता ते डिस्कवरच जपून ठेवता येई. त्या काळात ही मोठी सोय होती.

त्याहून गंमतशीर होती गेम बदलून घ्यायची पद्धत. जपानमधल्या दुकानांत निन्टेंडोने एक यंत्र ठेवलं होतं. आपली जुनी डिस्क द्यायची, ५०० येन मोजायचे आणि तिच्यावर नवा गेम लिहून घ्यायचा. आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची, तसाच प्रकार. फरक इतकाच की तिथलं काम कंपनीच्या परवानगीने चालायचं.

या ड्राइव्हचे सुमारे ४४ लाख नग विकले गेले. म्हणजे सुरुवात फसलेली नव्हती. पण दोन-तीन वर्षांतच कार्ट्रिजच्या चिप स्वस्त झाल्या, त्यात डिस्कपेक्षा जास्त जागा मावू लागली आणि खेळ जपून ठेवण्यासाठी कार्ट्रिजमध्ये छोटी बॅटरीही बसवता आली. ज्या अडचणीवर उपाय म्हणून ड्राइव्ह आणला होता, ती अडचणच संपली. हा ड्राइव्ह जपानबाहेर अधिकृतपणे कधी आलाच नाही. १९८७ मध्ये झेल्डा अमेरिकेत गेला तो कार्ट्रिजवरच.

ड्राइव्हच्या भांडणातून प्लेस्टेशन कसं जन्माला आलं?

पुढची पायरी सीडीची होती. १९८८ मध्ये जपानमध्ये ‘पीसी इंजिन’ या कन्सोलला सीडी ड्राइव्ह जोडायची सोय आली. कार्ट्रिजमध्ये एक-दोन एमबी मावायचे, तिथे सीडीत साडेसहाशे एमबी. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तारे चमकले.

निन्टेंडोनेही आपल्या नव्या ‘सुपर निन्टेंडो’साठी सीडी ड्राइव्ह बनवायला सोनीशी करार केला. जून १९९१ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो इथल्या प्रदर्शनात सोनीने हे काम जाहीर केलं. आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने जाहीर केलं की आपण सोनीऐवजी फिलिप्सबरोबर जाणार आहोत. भरमांडवात लग्न मोडावं तसा प्रकार. करारात सीडीवरच्या गेमचे हक्क आणि पैसा कोणाकडे राहणार, हा वादाचा मुद्दा होता.

फिलिप्सबरोबरचा ड्राइव्हही बाजारात आला नाही. सोनीने मात्र हातात घेतलेलं काम सोडलं नाही आणि स्वतःचा कन्सोल बनवला. ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीला आलेलं हेच ते प्लेस्टेशन. त्यात सीडी ड्राइव्ह पहिल्यापासून आतच बसवलेला होता. निन्टेंडो आणि सोनीने मिळून बनवलेल्या मूळ यंत्राचा एक दुर्मीळ नमुना २०२० मध्ये लिलावात ३ लाख ६० हजार डॉलरला गेला.

सगळ्यात जास्त वाट पाहायला लावलेला ड्राइव्ह कोणता?

निन्टेंडोचा पुढचा कन्सोल होता ‘निन्टेंडो ६४’. तो जपानमध्ये २३ जून १९९६ रोजी आला. प्लेस्टेशन सीडीवर चालत असताना निन्टेंडोने पुन्हा कार्ट्रिजच निवडली. कार्ट्रिज झटकन चालू होते, तिची नक्कल करणं अवघड जातं, पण ती महाग आणि आत जागा तोकडी. ‘सुपर मारिओ ६४’ हा गाजलेला गेम अवघ्या ८ एमबीत बसवावा लागला होता.

या तोकड्या जागेवर निन्टेंडोकडे उत्तर तयार होतं: ‘थांबा, ड्राइव्ह येतोय.’ त्याचं नाव ६४डीडी. कन्सोल बाजारात येण्याच्या आधीच, १९९५ मध्ये, त्याची घोषणा झाली होती. कन्सोलच्या खाली बसणारा हा भाग ६४ एमबीच्या चुंबकीय डिस्क वाचणार होता आणि त्यातल्या मोठ्या भागावर खेळणाऱ्याला स्वतः लिहिताही येणार होतं. म्हणजे गेममधलं शहर, चित्र, शर्यतीचा रस्ता स्वतः बनवायचा आणि डिस्कवर ठेवायचा. आत घड्याळही होतं, त्यामुळे कन्सोल बंद असतानाही गेममधला दिवस पुढे सरकू शकला असता. १९९६ च्या कल्पना म्हणून हे सगळं भन्नाट होतं.

नोव्हेंबर १९९६ मध्ये ड्राइव्ह प्रदर्शनात दाखवला गेला. मग तारीख पुढे गेली. पुन्हा पुढे गेली. आणि परत गेली.

मोठ्या कामाला वेळ लागतो, हे हिंगोलीकरांना वेगळं सांगायला नको. औंढा नागनाथजवळच्या लायगो प्रकल्पाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २०१६ मध्ये मिळाली आणि अंतिम मंजुरी २०२३ मध्ये. पण विश्वातल्या लहरी मोजणारी प्रयोगशाळा थांबू शकते, गेमचा बाजार थांबत नाही. कन्सोलचं आयुष्यच साधारण पाच-सहा वर्षांचं असतं. त्यातली चार वर्षं ड्राइव्हची वाट पाहण्यात गेली.

तोवर गेम बनवणारे निघून गेले. ‘फायनल फॅन्टसी’ ही मालिका तोपर्यंत निन्टेंडोच्या कन्सोलवर येत असे. तिचा सातवा भाग जानेवारी १९९७ मध्ये तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी आला. निन्टेंडोलाही स्वतःचे गेम थांबवून ठेवता आले नाहीत. ‘झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ सुरुवातीला ६४डीडीसाठी ठरला होता, तो शेवटी नोव्हेंबर १९९८ मध्ये ३२ एमबीच्या कार्ट्रिजवर विकला गेला. आज अनेक जण त्याला आजवरच्या सर्वोत्तम गेममध्ये धरतात. म्हणजे ड्राइव्हवाचून काही अडलं नाही, हे निन्टेंडोने स्वतःच दाखवून दिलं.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ६४डीडी एकदाचा विक्रीला आला, तोही फक्त जपानमध्ये आणि मुख्यतः ‘रँडनेट’ या इंटरनेट सेवेची वर्गणी भरणाऱ्यांसाठी. पण त्या मे महिन्यातच निन्टेंडोने पुढचा कन्सोल डिस्कवर चालेल, असं जाहीर करून टाकलं होतं. आणि मार्च २००० मध्ये डीव्हीडी चालवणारं प्लेस्टेशन २ जपानमध्ये येऊन धडकलं.

फेब्रुवारी २००१ मध्ये ६४डीडी बंद झाला. सुमारे १५ हजार लोकांपर्यंतच तो पोचला. त्याच्यासाठी आलेल्या डिस्कची संख्या दहाच्या आसपास. ‘मदर ३’ हा त्याच्यासाठी सुरू झालेला गेम २००० मध्ये रद्द झाला आणि २००६ मध्ये वेगळ्याच, हातात धरायच्या यंत्रावर आला.

असे जोडभाग वारंवार का फसतात?

इतर कंपन्यांचाही अनुभव फार वेगळा नाही. सेगाने आपल्या ‘मेगा ड्राइव्ह’ला जोडायचा सीडी ड्राइव्ह १९९१ मध्ये आणला. कन्सोल तीन कोटींच्या घरात विकला गेला, ड्राइव्ह मात्र सुमारे २२ लाख. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००६ मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’साठी एचडी-डीव्हीडी ड्राइव्ह आणला. त्यावर गेम चालतच नव्हते, फक्त सिनेमे. तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये एचडी-डीव्हीडी हा प्रकारच सोडून दिला आणि ज्यांनी २०० डॉलर मोजले होते त्यांच्याकडे नुसता डबा उरला.

यामागचं गणित साधं आहे. समजा, एका गावात शंभर घरांत कन्सोल आहे आणि त्यातल्या सातच घरांत ड्राइव्ह आहे. गेम बनवणारी कंपनी कोणासाठी गेम बनवेल? शंभर घरांसाठी. मग ड्राइव्हसाठी गेम येत नाहीत. गेम नाहीत म्हणून आठवं घर ड्राइव्ह घेत नाही. आणि आठवं घर ड्राइव्ह घेत नाही म्हणून गेम येत नाहीत. या फेऱ्यातून बाहेर पडायला ड्राइव्ह लवकर यावा लागतो, स्वस्त असावा लागतो आणि त्याच्यासाठी एखादा तगडा गेम पहिल्याच दिवशी हातात लागतो. १९८६ मध्ये झेल्डाने ते काम केलं. १९९९ मध्ये तसं काही उरलं नव्हतं.

मग प्लेस्टेशन ५ चा ड्राइव्ह वेगळा कसा?

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. तेव्हा दोन प्रकार होते आणि ड्राइव्ह नसलेल्या कन्सोलला ड्राइव्ह कधीच जोडता येत नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोनीने आकाराने लहान असलेलं नवं मॉडेल जाहीर केलं. बोलताना सगळे त्याला ‘स्लिम’ म्हणतात. यात ड्राइव्ह सुटा झाला. बाजूचं झाकण काढायचं, ड्राइव्ह खटकन बसवायचा, झाकण लावायचं. स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही. अमेरिकेत सुट्या ड्राइव्हची किंमत सुरुवातीला सुमारे ८० डॉलर होती.

भारतात स्लिम ५ एप्रिल २०२४ रोजी आला, तेव्हा ड्राइव्हवाल्याची किंमत ५४,९९० आणि बिनड्राइव्हच्या डिजिटल प्रकाराची ४४,९९० रुपये होती. म्हणजे तेव्हा फरक दहा हजारांचा होता.

आधीच्या ड्राइव्हपेक्षा हा एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा आहे. याच्यासाठी वेगळे गेम बनवावे लागत नाहीत. तोच गेम डिस्कवरही मिळतो आणि डाउनलोडनेही. त्यामुळे शंभर घरं आणि सात घरं हे गणित इथे लागूच पडत नाही. ६४डीडीसारखा हा ड्राइव्ह गेमवाचून ओस पडणार नाही.

मात्र काही गोष्टी आधी माहीत हव्यात:

- सुटा ड्राइव्ह स्लिम आणि प्लेस्टेशन ५ प्रो या मॉडेलना बसतो. २०२०-२१ च्या जुन्या जाड डिजिटल मॉडेलला बसत नाही. सेकंडहँड कन्सोल घेताना इथेच फसगत होते.
- ड्राइव्ह पहिल्यांदा बसवताना कन्सोलशी त्याची जोडी लावावी लागते आणि त्यासाठी इंटरनेट लागतं.
- ड्राइव्ह असेल तर प्लेस्टेशन ४ च्या डिस्कही चालतात. मित्राकडे किंवा घरात जुन्या डिस्क असतील तर हा मोठा फायदा.
- डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे सिनेमे चालतात. सीडी चालत नाहीत. त्यामुळे कपाटातली लग्नाची सीडी यात लावायचा बेत असेल, तर तो सोडून द्या.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. परदेशात आलेली वस्तू भारतात त्याच वेळी येईलच असं नसतं. प्लेस्टेशन ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात आला, पण त्याच्या वाय-फायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला त्या वेळी आपल्याकडे परवानगी नव्हती, म्हणून सोनीने तो भारतात आणला नाही. त्यामुळे यूट्यूबवर अमेरिकेतला माणूस जो भाग बसवून दाखवतो, तो नांदेडच्या किंवा हिंगोलीच्या दुकानात बिलासह मिळतो का, हे आधी विचारलेलं बरं.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ड्राइव्हने काय फरक पडतो?

२०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात आहे आणि त्यातले सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहतात. घरात नेट आहे, पण अनेक ठिकाणी ते मोबाइलचं, रोजच्या मर्यादेचं.

आता हिशोब करू. आजकालचा मोठा गेम ८० ते १०० जीबीचा असतो. रोज २ जीबी मिळणाऱ्या प्लॅनवर १०० जीबी उतरवायला पन्नास दिवस लागतील, तेही दुसरं काहीच न पाहता. घरात ब्रॉडबँड असेल आणि वेग १० एमबीपीएस मिळत असेल, तर साधारण २२ तास. ४० एमबीपीएस मिळाला तर साडेपाच तास. मध्येच लाइट गेली की डाउनलोड थांबतं. ते पुढे तिथूनच सुरू होतं, पण वेळ जातोच.

हे एकदाच करून भागत नाही. कन्सोलची जागा भरली की एखादा गेम काढावा लागतो. तो पुन्हा खेळायचा म्हटलं की डिजिटलमध्ये सगळं डाउनलोड पुन्हा. डिस्क असेल तर मोठा भाग डिस्कवरून कॉपी होतो आणि फक्त नंतरच्या सुधारणा नेटवरून येतात.

दुसरा मुद्दा पैशाचा. नवा मोठा गेम डिस्कवर साधारण पाच हजारांच्या आसपास जातो. समजा, खेळून झाल्यावर ती डिस्क विकून दोन हजार परत आले. असे पाच गेम झाले की दहा हजार वसूल. तीन मित्रांनी तीन वेगवेगळे गेम घेतले आणि आपसांत फिरवले, तर तिघांना तीन गेम एकेका गेमच्या खर्चात मिळतात. टीव्ही गेमच्या काळात शाळा सुटल्यावर कॅसेट अदलाबदल करायचे, तेच हे गणित आहे. पुण्या-मुंबईत वेगवान फायबर असलेल्या घराला हा फरक तितका जाणवणार नाही. सेनगावच्या घराला जाणवेल.

डिस्क घेतली म्हणजे गेम कायमचा आपला?

इथे थोडं सावध राहायला हवं. बऱ्याच गेमच्या बाबतीत उत्तर ‘हो’ असंच आहे. डिस्कवर गेमचा पुरेसा भाग असतो आणि नेट नसलं तरी तो चालतो. पण सगळ्याच डिस्क तशा नसतात.

‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ हा गेम २०२२ मध्ये आला, तेव्हा त्याच्या प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर अवघे ७० एमबीच्या आसपास होते. बाकी सगळं डाउनलोड. म्हणजे ती डिस्क नुसती किल्ली होती. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ साठीही अशी काही कार्ड विकली जातात, ज्यात गेम नसतो, फक्त डाउनलोडची परवानगी असते. आणि ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही गेम बंद पडला. तो सतत ऑनलाइन राहिल्याशिवाय चालतच नव्हता.

डिजिटल खरेदीत ही टांगती तलवार जास्त मोठी आहे. निन्टेंडोने वी यू आणि थ्रीडीएस या कन्सोलची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ रोजी नव्या खरेदीसाठी बंद केली. जे गेम फक्त तिथेच मिळायचे, ते सरळ मार्गाने विकत घेणं त्या दिवसापासून संपलं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूपुढे ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल, तर ग्राहकाला मालकी नव्हे, वापराचा परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगावं लागतं.

मग डिजिटल वाईटच का?

तसं नाही. ज्यांच्याकडे चांगलं नेट आहे, त्यांना डिजिटल सोयीचंच पडतं. डिस्क चरे पडून खराब होत नाही, सेलमध्ये जुने गेम बरेच स्वस्त मिळतात आणि दुकान गाठावं लागत नाही.

छोट्या कंपन्यांना तर डिजिटल दुकानांनीच दार उघडून दिलं. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने बनवलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आला आणि जगभर खेळला गेला. पुराणकथा आणि भारतीय वास्तुकलेवर बेतलेला हा गेम बनवण्यासाठी लोकवर्गणी उभारायचा प्रयत्न २०१७ मध्ये अपुरा पडला होता. लाखो डिस्क छापून देशोदेशीच्या दुकानांत पाठवायची अट असती, तर अशा छोट्या गटाला ते झेपणं अवघडच होतं.

म्हणून प्रश्न डिस्क की डिजिटल असा नाहीच. ड्राइव्ह असलेल्या कन्सोलवर दोन्ही चालतात. ड्राइव्ह नसलेल्यावर एकच.

मग घ्यायचं काय?

- घरात मर्यादा नसलेलं वेगवान नेट असेल आणि फोर्टनाइटसारखे फुकटचे ऑनलाइन गेमच खेळायचे असतील, तर बिनड्राइव्हचा कन्सोल पुरेसा आहे. ड्राइव्हचे पैसे वाचवा.
- नेट मोबाइलचं असेल, मोठे गेम खेळायचे असतील, मित्रांशी अदलाबदल होणार असेल, तर ड्राइव्हसकट घ्या.
- ‘नंतर बसवू’ असा विचार असेल, तर कन्सोल घ्यायच्या दिवशीच सुट्या ड्राइव्हची किंमत, बिल आणि वॉरंटी विचारा. आज दुकानात तो दिसत नसेल, तर तो मिळणारच नाही असं धरून निर्णय घ्या.
- सेकंडहँड डिजिटल कन्सोल घेत असाल, तर मॉडेल जुनं जाड आहे की स्लिम, हे आधी बघा.
- डिस्क घेताना डब्यावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. डाउनलोड किंवा सतत इंटरनेट आवश्यक असल्याची सूचना तिथेच असते.

वसमतच्या त्या घरापुरतं बोलायचं, तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारायला हवा होता: ‘सुटा ड्राइव्ह आत्ता दुकानात आहे का, आणि कितीला?’ उत्तर ‘येणार आहे’ असं आलं, तर जपानमधल्या लोकांनी १९९५ पासून तेच ऐकलं होतं, एवढं आठवावं आणि मग पैसे काढावेत.